जुलैतली उजळणी: उरलेलं वर्ष मोजून ध्येयं दुरुस्त कशी करायची

जानेवारीत ठरवलेल्या गोष्टी जूनअखेर कुठवर आल्या हे बघायला बसलं की बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर 'आता सहा महिन्यांत दुप्पट करून टाकू' असं ठरतं, नाही तर सगळंच गुंडाळून पुढच्या जानेवारीवर टाकलं जातं. दोन्ही निर्णय अंदाजपंचे असतात. जुलै ते डिसेंबर म्हणजे कागदावर १८४ दिवस, २६ आठवडे आणि वर दोन दिवस. पण मुंबईत पाऊस, गणपती, नवरात्र आणि दिवाळी वजा केली की हक्काचे आठवडे अठराच्या आसपास उरतात. ध्येय वाढवायचं, कमी करायचं की सोडायचं, हे त्या अठरा आठवड्यांकडे बघून ठरवायचं असतं. पहिल्यांदाच असा आढावा घेणाऱ्यांसाठी ही पद्धत क्रमाने दिली आहे. पाचवी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक गाळतात.

हाताशी काय हवं

- जानेवारीत लिहिलेली यादी. लिहिली नसेल तर त्या दिवसांतले व्हॉट्सॲप मेसेज, फोनमधल्या नोट्स, जिमची किंवा क्लासची पावती
- १ जानेवारी ते ३० जूनचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआय ॲपमधले व्यवहार
- फोनमधले पावलांचे महिन्यावार आकडे, जिमची हजेरी
- पीपीएफचं पासबुक, एसआयपीचं स्टेटमेंट
- यंदाचे रक्ततपासणीचे रिपोर्ट, वजनाच्या नोंदी
- ऑफिसात किती रजा शिल्लक आहेत त्याचा आकडा
- स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. सण कुठल्या वारी आहेत हे तर त्यात दिसतंच, शिवाय दूध आलं नाही, सिलिंडर लावला, गावाहून पाहुणे आले अशा चौकटीतल्या नोंदी सहा महिन्यांचा खरा इतिहास सांगतात
- वही, पेन, कॅल्क्युलेटर

१. दिवस आणि जागा ठरवा

लीप वर्ष नसेल तर २ जुलै हा वर्षाचा बरोबर मधला दिवस: १८२ दिवस मागे, १८२ पुढे. त्याच्या आसपासचा, पगार जमा झाल्यानंतरचा रविवार निवडा. महिनाअखेरीला बसू नका. खात्यात पैसे नसतात तेव्हा पैशाची सगळीच ध्येयं अशक्य वाटतात आणि नको ते निर्णय होतात. मेगाब्लॉकचा रविवार असला तर फारच बरं.

सलग अडीच तास लागतात. वन रूम किचनमध्ये एवढी शांतता मिळणं कठीण, म्हणून जवळची अभ्यासिका किंवा वाचनालय गाठा. पावसाने उघडीप दिली असेल तर एखादी बाग चालेल. वरळीच्या अभ्यास गल्लीत मुलं वर्षानुवर्षं रस्त्याच्या दिव्याखाली परीक्षांची तयारी करत आली आहेत, तशी जागा शहरभर शोधली की सापडते. हे काम लोकलमध्ये मात्र करू नका. बेरजा चुकतात आणि आपलं स्टेटमेंट शेजारचा वाचतो.

२. जानेवारीचं वाक्य जसंच्या तसं उतरवा

आठवणीवर विसंबू नका. 'वर्षभरात २४ पुस्तकं' हे जूनपर्यंत 'जमेल तसं वाचायचं' होऊन बसतं आणि मग आपण मागे पडलोय की नाही हेच कळत नाही. प्रत्येक ध्येयासाठी वहीचं एक पान घ्या आणि वर मूळ शब्द लिहा. त्याखाली एका ओळीत ते का ठरवलं होतं ते लिहा: डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, बढतीसाठी, की मैत्रिणीने ठरवलं म्हणून. ही ओळ सहाव्या पायरीत उपयोगी पडते. पानं पाचापेक्षा जास्त झाली, तर अडचण कुठे आहे ते तिथेच दिसतं.

३. आकडे लिहा, शेरे नकोत

'बरं चाललंय', 'आळस केला' हे शेरे झाले. पानावर जानेवारी ते जून असे सहा रकाने आखा आणि प्रत्येकात एक आकडा भरा: किती रुपये बाजूला पडले, किती दिवस चाललात, किती प्रकरणं संपली. नोंद ठेवली नसेल तर फोन आणि बँक ती आपोआप ठेवतात. चालण्यासाठी महिन्याची दैनंदिन सरासरी पावलं घ्या, बाहेरच्या खाण्यासाठी यूपीआयमधली खाद्यपदार्थांच्या ॲपची बेरीज घ्या.

सहा महिन्यांची एकच सरासरी काढून थांबू नका. जानेवारीत २२ दिवस आणि जूनमध्ये २ दिवस जिमला गेलेल्या माणसाची सरासरी चांगली दिसते, पण आज त्याची जिम बंद पडलेली असते. शेवटच्या आठ आठवड्यांचा आकडा वेगळा काढा. पुढची योजना त्याच आकड्यावर बांधायची आहे.

४. कुठल्या आठवड्यात तुटलं ते शोधा

'का जमलं नाही' असं स्वतःला विचारलं की उत्तरात स्वभावाचे दोष येतात. 'कधी तुटलं' असं विचारलं की कारण सापडतं. कालनिर्णय समोर घ्या आणि तो आठवडा शोधा. मुंबईत हे आठवडे बरेचदा सारखेच निघतात: मार्चअखेरची ऑफिसची धावपळ, मुलांच्या परीक्षा, मे महिन्यातला गाव, जूनच्या मध्यावर शाळा उघडताना फी, गणवेश आणि वह्या-पुस्तकांचा एकदम येणारा खर्च, आणि मग पहिला मोठा पाऊस.

कारण पाचपैकी एका खणात टाका: वेळ, पैसा, तब्येत, दुसऱ्यावर अवलंबून असणं, किंवा मुळात ते हवंच नव्हतं. खण चुकला तर उपाय चुकतो. पहाटे उठून पळायचं जमलं नाही म्हणून लोक गजर आणखी अर्धा तास अलीकडे आणतात. खरं कारण असतं रात्री साडेनऊला बदलापूरला पोचणं आणि साडेअकराला झोपणं. अशा वेळी पळणं शनिवार-रविवारवर न्यावं लागतं. गजराने काही होत नाही.

५. उरलेले आठवडे आणि तास मोजा

इथे घाई करू नका. आधी आठवडे. २६ लिहा आणि वजा करत चला:

- मोठ्या पावसाचे आठवडे: २. जुलै हा मुंबईचा सर्वाधिक पावसाचा महिना, ऑगस्टही काही कोरडा नसतो. रुळांवर पाणी आलं, घरी पोचायला रात्र झाली, दुसऱ्या दिवशी ताप, असा आठवडा धरूनच चालायचं
- गणपती: २. घरी दीड दिवसाचा असला तरी आधीची साफसफाई, बाजार आणि आरत्या असतात. कोकणात जाणार असाल तर येण्याजाण्यासकट तीनही धरा
- नवरात्र आणि दसरा: १
- दिवाळी: फराळ, खरेदी, भाऊबीज आणि पाहुणे मिळून २
- वर्षअखेर आणि लग्नसराई: १

उरतात १८. ज्यांच्याकडे गणपती नाही पण नाताळ आहे, मुलांच्या सहामाही परीक्षा आहेत, त्यांनी आपापली वजाबाकी करावी.

आता आठवड्यातले तास. एकूण १६८. डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणाऱ्या माणसाचा हिशेब असा मांडता येतो: झोप रोज ७ तास म्हणजे ४९. ऑफिस पाच दिवस ९ तास म्हणजे ४५. घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत दोन तास आणि तितकेच परत, म्हणजे २०. अंघोळ, स्वयंपाक, जेवण, मुलं आणि घरकाम रोज ४ तास धरले तर २८. बेरीज १४२, उरले २६. हा आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यातच बाजार, बँकेची कामं, कुणाची वास्तुशांत, आईला डॉक्टरकडे नेणं आणि नुसतं पडून राहणं येतं. ज्यावर दर आठवड्याला खरोखर भिस्त ठेवता येईल असे तास ८ धरा. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर ४. घरकाम एकाच व्यक्तीवर पडत असेल तर तिचे २८ तास प्रत्यक्षात ४० च्या वर जातात, हेही प्रामाणिकपणे लिहा.

त्या ८ मधलेही एक चतुर्थांश तास कापा. कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो; डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या सवयीवर लिहिलं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत होईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ५५ लागले. म्हणून आठवड्याला ६ तास, अठरा आठवड्यांचे १०८. एवढंच भांडवल. त्यातून जागतिक आरोग्य संघटना सुचवते तो आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम काढला की अडीच तास गेले. उरलेले साडेतीन तास गुणिले १८, म्हणजे ६३ तास. एका प्रमाणपत्र परीक्षेचा अभ्यास त्यात बसतो. त्याच जोडीला गिटार आणि जर्मन बसत नाही.

प्रवासाचे २० तास वापरता येतील का? थोडे येतात. सकाळच्या फास्टमध्ये उभ्याने पुस्तक उघडत नाही. कानात व्याख्यान किंवा उजळणीच्या रेकॉर्डिंग चालतात. रिटर्न करून, म्हणजे जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने गाडी सुटते त्या स्टेशनवर जाऊन, बसून येणाऱ्यांना वाचन जमतं, पण उलट प्रवासाची वीस-पंचवीस मिनिटं हिशेबात धरा. चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकाची कड, मिळाली तर वहीत लिहायचं मनात आणू नका. आणि यंदा घर, ऑफिस किंवा मार्ग बदलला असेल, उदाहरणार्थ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झालेली भुयारी मेट्रो तुमच्या रस्त्यावर असेल, तर जानेवारीचे प्रवासाचे तास टाकून नवे मोजा.

६. प्रत्येक पानावर चारपैकी एक निर्णय लिहा

तसंच ठेवा, लहान करा, तारीख पुढे न्या, सोडा. पाचवा पर्याय, म्हणजे 'जोर लावू', चालत नाही. तीन उदाहरणं घेऊ.

*बचत.* ध्येय होतं अडीअडचणीसाठी वर्षात १,२०,००० रुपये. जूनअखेर जमले ३४,०००. उरले ८६,०००, म्हणजे महिना १४,३३३. आजवरचा सरासरी वेग महिना ५,६६७. जो १४,३३३ ची सूचना बँकेला देतो, त्याचे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपतीच्या खर्चाला पैसे कमी पडतात. तो बचतीतून उचल करतो, एसआयपीचा हप्ता परत गेला तर बँकेचा दंडही बसतो, आणि मग सगळंच बंद होतं. त्याऐवजी महिना ६,५०० धरा: सहा महिन्यांत ३९,०००, वर्षअखेर ७३,०००. उरलेले ४७,००० पुढच्या वर्षाच्या पहिल्या ओळीत लिहा. दिवाळीचा बोनस खात्यात पडेपर्यंत हिशेबात धरू नका. पगार १ तारखेला होत असेल तर रक्कम २ किंवा ३ तारखेलाच वेगळ्या खात्यात जाऊ द्या.

पैशाच्या बाबतीत एक मोठा घोटाळा हमखास होतो: दोन कॅलेंडरं मिसळतात. करबचत आणि पीपीएफचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे जुलैत त्याचा चौथा हिस्साच सरलेला असतो. ती ध्येयं 'अर्धं वर्ष गेलं' या घाईत बदलू नका. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल १,५०,००० रुपये भरता येतात, आणि महिन्याचं व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर मिळतं. म्हणून भरणा ५ तारखेपर्यंत खात्यात दिसायला हवा. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी आगाऊ कराचे टप्पे वहीत लिहावेत: १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला १००. सप्टेंबरचा हप्ता गणपतीच्या आसपासच येतो. तो विसरून बचत ठरवली की तीच मोडावी लागते.

*पळणं.* जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणारी मुंबई मॅरेथॉन अनेकांच्या यादीत असते. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर, अर्ध्याचं त्याच्या निम्मं. पूर्ण मॅरेथॉनच्या सोळा ते वीस आठवड्यांच्या सराव-तक्त्यांत आधीपासून नियमित पळण्याची सवय गृहीत धरलेली असते. जुलैत तुम्ही न थांबता ३ किलोमीटर पळत असाल तर १० किलोमीटरची शर्यत धरा आणि बाकीचं पुढच्या वर्षावर न्या. गुडघा आणि नडगी दुखावतात ती याच टप्प्यावर, कारण अंतर घाईने वाढवलं जातं. आठवड्यातले तीन दिवस पुरतात. नोंदणीच्या अटी आणि शेवटची तारीख ठरवण्याआधीच बघा. पावसात मरीन ड्राइव्हच्या कठड्यालगत पळायचं असेल तर भरतीची वेळ पाहून जा. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच लाटांच्या भरतीचे दिवस जाहीर करते, ते कालनिर्णयवर खुणा करून ठेवा. त्या दिवशी इमारतीचा जिना चढा-उतरा. ऑक्टोबरच्या उकाड्यात लांब अंतर वाढवू नका, ते नोव्हेंबरवर ठेवा. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर.

*वाचन.* २४ पैकी ९ पुस्तकं झाली. उरलेली १५, प्रत्येकी अडीचशे पानं धरली तर ३,७५० पानं. अठरा आठवड्यांच्या १२६ दिवसांत रोज ३० पानं होतात, आणि ती कामाच्या दिवसाला जड आहेत. आणखी ९ ठेवा. संख्या गाठायला पातळ पुस्तकं निवडण्याचा मोह होतो. जाड पुस्तक अर्ध्यावर आहे ते आधी संपवा.

परीक्षेची तारीख मात्र दुसऱ्याच्या हातात असते. तिथे लहान करायचं ते अभ्यासक्रमाचं ओझं: कुठले विषय पक्के करायचे, कुठले या वेळी वरवर बघायचे, की सरळ पुढच्या वेळी बसायचं.

सोडायचं कधी? दुसऱ्या पायरीतलं 'का' वाचा. कारण संपलं असेल, किंवा ते कारण कधी आपलं नव्हतंच, तर पानावर रेघ मारा आणि तारीख घाला. 'क्लासची फी भरली आहे' हे पुढे चालू ठेवण्याचं कारण होत नाही. ते पैसे दोन्ही प्रकारे गेलेच आहेत. जायचे उरलेत ते तास. फी परत मिळण्याची किंवा बॅच बदलण्याची सोय आहे का, ते त्याच आठवड्यात विचारा. लांबवलं की मुदत निघून जाते.

७. नवं वाक्य लिहा: कधी, कुठे, किती

'नियमित व्यायाम' असं लिहू नका. 'मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी उतरल्यावर स्टेशनपासून घरी चालत, ४० मिनिटं' असं लिहा. त्याखाली 'जर... तर' अशी एक ओळ हवी: 'जर पाऊस असेल, तर रिक्षाने घरी आणि सहा मजले दोनदा.' पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं की वेळ, जागा आणि अडचणीतला पर्याय आधीच ठरवलेला असला तर ठरवलेलं पार पडण्याची शक्यता वाढते.

प्रत्येक ध्येयाला एक पावसाळी किमानही द्या: रोज दोन पानं, दहा मिनिटं, शंभर रुपये. गाड्या बंद पडल्या त्या दिवशी एवढंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस, मध्यावर ६६ दिवस लागतात असं दिसलं. एखादा दिवस चुकल्याने मोठा फरक पडला नाही. जुलैच्या सुरुवातीला धरलेली गोष्ट ६६ दिवसांनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे गणपतीच्या धामधुमीत ती अजून कच्ची असू शकते, म्हणून किमान मात्रा आधीच ठरलेली हवी.

आपल्याकडे चातुर्मासाचा नेम असाच बांधलेला असतो. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला संपणार, रोज पोथीचा एक अध्याय किंवा एखादा पदार्थ वर्ज्य. आरंभ आणि शेवट ठरलेले, रोजची मात्रा लहान. नव्या ध्येयाला हीच मुदत द्यायला हरकत नाही, घरातल्या मोठ्यांना ती समजावून सांगावीही लागत नाही.

८. घरात सांगा

मंगळवारी चाळीस मिनिटं चालणार म्हणजे मंगळवारी कुकर दुसऱ्या कुणाला लावायला लागणार. हे न बोलता ठरवलेलं वेळापत्रक दोन आठवड्यांत मोडतं. जेवणं झाल्यावर पंधरा मिनिटं बसा, कुठले दिवस आणि कुठले पैसे लागतील ते सांगा, आणि समोरच्याचंही एक पान ऐका. बचतीचं ध्येय नवरा-बायकोचं एकत्र असेल तर ६,५०० हा आकडा दोघांनी मिळून ठरवा.

९. पुढच्या तपासण्या आत्ताच नोंदवा

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वीस मिनिटं: आकडा भरायचा, ध्येयाला हात लावायचा नाही. दर आठवड्याला फेरफार करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, कारण कुठलीही योजना त्याने पुरेशी चालवून बघितलेली नसते. बदल करायची मुभा एकदाच ठेवा, अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी. तेव्हा पुन्हा पाचवी पायरी करा आणि दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजा.

हा लेख सप्टेंबरमध्ये हाती पडला तरी पद्धत तीच, फक्त २६ च्या जागी त्या दिवशी उरलेले आठवडे लिहा. दिवाळीनंतर वाचत असाल तर ध्येयं बदलू नका. दुसरी आणि तिसरी पायरी तेवढी करा, बारा रकान्यांचे आकडे भरून ठेवा आणि जानेवारीची यादी ते पान समोर ठेवून लिहा.